थिजलेला ससा, सर्पगंधा आणि कंपवात



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. पत्रिकेत माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलंय. आत येताना दोघांनी मला आपापल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या दाखवल्या. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आहे. आयुष्यभर मी न्यायदर्शन आणि ज्ञानमीमांसा शिकवली. औषधाचा सल्ला मी देणार नाही. मी बोलणार आहे तो पुराव्याबद्दल. ससा हलेनासा झाला यावरून माणसाच्या आजाराबद्दल काही म्हणता येतं का, आणि येत असेल तर कुठपर्यंत, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. माझे थोरले बंधू पंचवटीत राहतात, वय एकोणऐंशी. दोनेक वर्षांपूर्वी दादांची चाल मंदावली. सही बारीक होत गेली, इतकी की बँकेने चेक परत पाठवला. चालताना उजवा हात हलेना. चेहऱ्यावरचं हसू गेलं. वहिनी म्हणायच्या, "हे रागावलेत का माझ्यावर?" एका डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं. दुसऱ्यांनी पार्किन्सन म्हणून गोळ्या सुरू केल्या, पण त्यांचा फारसा गुण येईना. दादांचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. ते समजायला आधी ससा समजून घ्यावा लागेल.

गोष्ट सुरू होते आपल्याच सर्पगंधेपासून. आयुर्वेदात आणि लोकवैद्यकात हिचं मूळ निद्रानाशावर, उन्मादावर दिलं जायचं. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाचा उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होणारा परिणाम लिहून काढला. पण जगाचं लक्ष गेलं ते १९४९ मध्ये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा काय परिणाम झाला, ते 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर रक्तदाबावर धड औषध नव्हतं, त्यामुळे खळबळ उडाली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने या मुळातून मुख्य द्रव्य वेगळं काढलं, रेसरपिन. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. आपल्याकडे हे फार जणांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

रेसरपिन लाखो लोक घेऊ लागले. रक्तदाब उतरला, मनाच्या आजाराचे रुग्ण शांत झाले. पण काही रुग्णांमध्ये वेगळंच दिसू लागलं. हात थरथरणं, अंग ताठणं, हालचाल मंद होणं. म्हणजे लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये ज्याचं वर्णन केलं आणि आपले वैद्य ज्याला कंपवात म्हणतात, हुबेहूब तसं. आणि औषध थांबवलं की ते ओसरायचंही.

आता बघा, हा फार मोलाचा अपघात आहे. एक आजार, ज्याचं कारण दीडशे वर्षं कुणाला सापडत नव्हतं, त्याची नक्कल एक गोळी करून दाखवते! मग प्रश्न असा की ती गोळी मेंदूत नेमकं काय काढून घेते?

याचं उत्तर शोधायला जनावरं आली. अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने १९५५ मध्ये दाखवलं की रेसरपिन दिल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन जवळजवळ संपतं. मग सगळ्यांनी ठरवलं, सेरोटोनिन गेलं म्हणून प्राणी थिजला. धूर दिसला, अग्नी सापडला. स्वीडनचे अर्विद कार्लसन काही महिने त्याच प्रयोगशाळेत काम करून आले होते. मायदेशी लुंडला परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रेसरपिन एकटं सेरोटोनिन संपवत नाही, कॅटेकोलअमाइन नावाच्या गटातली रसायनंही संपवतं. म्हणजे आरोपी दोन झाले.

इथे आमचे नैयायिक आठवतात. ते म्हणतात, दोन गोष्टी बरोबर दिसल्या एवढ्यावर व्याप्ती मानू नका. अन्वय बघा आणि व्यतिरेकही बघा. जिथे हेतू तिथे साध्य, हा अन्वय. जिथे साध्य नाही तिथे हेतूही नाही, हा व्यतिरेक. स्वयंपाकघरात धूर आहे, अग्नीही आहे. तळ्यात अग्नी नाही, धूरही नाही. दोन्ही जुळलं की मग डोंगराकडे बोट दाखवा.

कार्लसननी १९५७ मध्ये नेमका व्यतिरेकाचा प्रयोग केला. सशांना रेसरपिन टोचलं. ससे बसल्या जागी थिजले, कान खाली पडले, ढोसलं तरी हलेनात. मग त्यांना हरवलेली रसायनं परत दिली. ती थेट देता येत नाहीत, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक चौकीदार असतो, तो त्यांना आत सोडत नाही. त्यांचा कच्चा माल मात्र आत जातो आणि मेंदू त्यातून पक्का माल बनवतो. सेरोटोनिनचा कच्चा माल दिला. ससा उठला नाही. दुसऱ्या गटाचा कच्चा माल दिला, त्याचं नाव डोपा. पाव तासाच्या आत ससा कान उभे करून इकडेतिकडे फिरू लागला.

मी अनेक वर्षं वर्गात अन्वय-व्यतिरेक स्वयंपाकघर आणि तळं घेऊनच शिकवला. हा ससा मला आधी माहीत असता तर विद्यार्थी कमी जांभया देते.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण कार्लसनना जे अपेक्षित होतं ते मिळालंच नाही. डोपापासून नॉरअॅड्रेनॅलिन बनतं, म्हणून जागे झालेल्या सशांच्या मेंदूत ते परत आलं असेल, असं त्यांना वाटलं. मोजलं, तर नव्हतं. ससा पळतोय आणि ज्याच्यामुळे पळायला हवा ते द्रव्यच नाही! मग लक्ष गेलं डोपा आणि नॉरअॅड्रेनॅलिन यांच्या मधल्या पायरीकडे. ती पायरी म्हणजे डोपामिन. तोवर डोपामिनला कुणी विचारत नव्हतं. मोठ्या स्टेशनाला जाताना लागणारं छोटं स्थानक, गाडी तिथे थांबते एवढंच, अशी समजूत. १९५८ मध्ये दिसलं की मेंदूत डोपामिन भरपूर आहे, रेसरपिनने ते जातं आणि डोपाने परत येतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या मेंदूचे भाग वेगवेगळे तपासले. बहुतेक डोपामिन एकाच ठिकाणी साठलेलं होतं, हालचालीशी संबंध असलेल्या खोल भागात. एवढं असूनही १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत जुन्या जाणत्या औषधशास्त्रज्ञांनी यावर विश्वास ठेवला नाही. २००० साली कार्लसनना नोबेल मिळालं.

आता माझ्या विषयाचा गाभा. इथपर्यंत सगळं सशाबद्दल सिद्ध झालं आहे. ससा थिजला, कारण डोपामिन गेलं. माणूस थिजला, तर त्याचंही डोपामिन गेलंय का? 'ससा तसा माणूस' हे उपमान झालं, अनुमान नव्हे. उपमानाने आपण दिशा ओळखतो. निर्णय द्यायला डोंगरावर जाऊन बघावं लागतं.

ते बघितलं व्हिएन्नात. ओलेह हॉर्निकिएविच यांनी कार्लसनच्या गटाचं काम वाचलं आणि मृत रुग्णांचे मेंदू तपासायला घेतले. पार्किन्सनसारख्या आजाराने गेलेल्या सहा जणांचे मेंदू होते, शिवाय तुलनेसाठी निरोगी आणि इतर आजारांचे. रासायनिक चाचणीत डोपामिन असेल तर गुलाबी रंग यायचा. निरोगी मेंदूच्या नळीत गुलाबी, पार्किन्सनच्या नळीत जवळपास रंगच नाही. यंत्रात घालायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी दिसलं, असं त्यांनी पुढे लिहिलंय. हे १९६० चं. पुढच्या वर्षी वॉल्थर बर्कमायर यांच्याबरोबर त्यांनी रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा दिला. अंथरुणात उठून बसता येत नव्हतं असे लोक उठून चालले. परिणाम काही तासांचा होता. पण १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत डोपा देऊन दाखवला आणि तेव्हापासून आजतागायत पार्किन्सनचं मुख्य औषध तेच आहे. हॉर्निकिएविचना नोबेलमधून वगळलं, म्हणून दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं होतं. मला ते पत्र योग्य वाटतं. सशाला पुरावा म्हणून उभं केलं कार्लसननी, पण डोंगरावर चढले हॉर्निकिएविच.

तर मग ससा आणि रुग्ण एकच झाले का? नाही, आणि इथे भलेभले घसरतात.

डोपामिन पेशीच्या आत छोट्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. धान्याच्या कणगीसारखं समजा. रेसरपिन या कणग्या भरूच देत नाही. बाहेर राहिलेलं धान्य पेशीच कुजवून टाकते. पण शेतकरी जिवंत आहे, शेत आहे, काही दिवसांनी कणगी पुन्हा भरते. पार्किन्सनमध्ये शेतकरीच मरतो. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो, त्यातल्या पेशी वर्षानुवर्षं एकेक करून मरत जातात. थरथर दिसू लागते तोवर बराच भाग गेलेला असतो. ससा एका इंजेक्शनमध्ये थिजतो, आजार पाऊल न वाजवता येतो. म्हणून सशाला उठवणारं औषध रुग्णालाही उठवतं, पण मरणाऱ्या पेशीला वाचवण्याबद्दल तो ससा काही सांगू शकत नाही. त्या प्रश्नाचा तो साक्षीदारच नाही.

मग पेशी मारणारं प्रारूप हवं. ते मिळालं तेही अपघाताने. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे ताठ होऊन रुग्णालयात आले. त्यांनी घेतलेल्या घरगुती बनावटीच्या हेरॉइनसारख्या मालात एमपीटीपी नावाचं भेसळद्रव्य होतं. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी ते शोधून काढलं. या विषाने नेमक्या त्याच काळसर पेशी मेल्या होत्या. पण हेच द्रव्य रॅट जातीच्या मोठ्या उंदरांना टोचलं तर फारसं काही होईना. माकडांना दिलं तर ती माणसासारखीच थिजली.

असं का? ते द्रव्य स्वतः विषारी नाही. मेंदूतलं एक विकर त्याचं विष बनवतं. या उंदरांमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतच ते विकर भरपूर असतं, त्यामुळे द्रव्य वेशीवरच अडतं. न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही, लाकूड ओलं असावं लागतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. उंदराचा मेंदू इथे लोखंडाचा गोळा ठरला. समजा कुणी फक्त याच उंदरांवर तपासून 'निर्धोक' असा शिक्का मारला असता तर? उलट दिशेनेही तेच झालं आहे. प्राण्यांमध्ये पेशी वाचवतात असं दिसलेल्या को-एन्झाइम क्यू-१० आणि क्रिएटिन या दोन्ही द्रव्यांनी मोठ्या मानवी चाचण्यांमध्ये काहीच साधलं नाही.

आता नैतिक प्रश्न. तो टाळून चालणार नाही. ससा आपल्यासारखा नसेल, तर त्याच्यावरचा प्रयोग आपल्याला निरुपयोगी. आपल्यासारखा असेल, तर त्याचं थिजणंही आपल्या थिजण्यासारखंच काहीतरी असणार. जितका तो पुरावा म्हणून चांगला, तितकं त्याचं आपल्यावर देणं मोठं. या कात्रीतून सुटायची वाट मला सापडलेली नाही. १९५७ चा प्रयोग व्हायला नको होता, असं मी दादांकडे बघून म्हणू शकत नाही. लाखो लोक त्या सशांमुळे आज आपल्या हाताने जेवतात.

पण एक गोष्ट मी ठामपणे म्हणतो. त्या प्रयोगाला प्रश्न होता. दोन आरोपींपैकी कोण, हे त्यातून ठरणार होतं. महाराष्ट्रातही असं प्रश्न असलेलं काम झालं आहे. सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागातून १९७० च्या दशकाअखेर उंदरांमधल्या थिजण्यावर निबंध आले. त्यात हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारावरच्या औषधाने उंदीर थिजवायचा आणि सेरोटोनिन त्या थिजण्यात काय करतं ते बघायचं, असं होतं. म्हणजे ब्रोडींनी धरलेला आणि कार्लसननी सोडून दिलेला आरोपी पुन्हा चौकशीला बोलावला. ही खरी जिज्ञासा.

ही चाचणी कशी असते तेही सांगतो. एका आडव्या दांडीवर उंदराचे पुढचे पाय ठेवायचे. निरोगी उंदीर लगेच पाय खाली घेतो. थिजलेला तसाच अवघडून उभा राहतो. किती सेकंद, ते घड्याळावर मोजायचं. स्वस्त चाचणी, सोपी चाचणी. आणि सोपी आहे म्हणूनच तिचा रतीब सुरू झाला. कुठलीही वनस्पती घ्या, अर्क काढा, उंदराला हॅलोपेरिडॉल द्या, अर्क द्या, सेकंद मोजा, 'पार्किन्सनवर गुणकारी' असा निष्कर्ष लिहा, पदवी घ्या. अरे, पण त्या उंदराच्या पेशी मेल्याच नव्हत्या! हॅलोपेरिडॉल कणगी रिकामी करत नाही, शेतकरीही मारत नाही, डोपामिन जिथे जाऊन पोचायचं त्या दाराला कडी घालतं. ती कडी निघाली म्हणून कंपवात बरा होईल, हा हेत्वाभास आहे. आणि हेत्वाभासासाठी जीव घेणं मला मान्य नाही. नाशकातच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, सभागृहात मार्गदर्शक मंडळी असतील, त्यांनी रागावू नये.

कायदा आपल्याकडे आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती, प्रत्येक संस्थेत नीतिसमिती. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं. २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींनाही जागा दिली. नीतिसमितीच्या अर्जात पिंजरा केवढा, भूल कोणती, हे विचारतात, ते योग्यच आहे. 'या प्रयोगाचं उत्तर उलटं आलं तर तुम्ही कुठलं मत सोडाल?' हा रकाना मात्र मला पहिल्या पानावर हवा आहे.

आता दादा. तिसऱ्या डॉक्टरांनी, ते मेंदूविकारतज्ज्ञ, आल्याआल्या सांगितलं, "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा." पिशवीत पित्ताची एक गोळी निघाली. न्याहारीआधी घ्यायची, वर्षभर नेमाने चाललेली. तिच्यात आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. ते पोट पुढे ढकलायला मदत करतं, पण डोपामिनच्या दारालाही कडी घालतं. दादा आमचे हॅलोपेरिडॉलचे उंदीर झाले होते! कडी बाहेरून लावलेली, त्यामुळे आतून लेव्होडोपा कितीही ओतला तरी उपयोग बेताचा. ती गोळी थांबवली. चौथ्या महिन्यात उजवा हात हलू लागला. सही अजून थोडी बारीकच आहे.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींमध्ये खरा पार्किन्सन आधीच दबा धरून असतो आणि गोळी त्याला फक्त उघडं पाडते. पण उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवर महिनोन्‌महिने चालणारं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, ही लेव्होसल्पिराइड, म्हाताऱ्या माणसात यांनी असं होऊ शकतं, हे वैद्यकाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मनाने बंद काही करू नका. पिशवी डॉक्टरांना दाखवा.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे, "खाजकुइलीचं चूर्ण घ्यावं का?" प्रश्न छान आहे. खाजकुइली आपल्याला शाळेतल्या खोडीपुरती माहीत, मास्तरांच्या खुर्चीवर टाकायची. तिच्या शेंगेवरची कुसं खाजवतात, पण आतल्या बीमध्ये लेव्होडोपाच असतो. १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो त्यातून वेगळा काढला होता, ससा थिजण्याच्या वीस वर्षं आधी. आयुर्वेद तिला कपिकच्छू म्हणतो. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर तिचा अभ्यास छापला. २००४ मध्ये लंडनला आठ रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा तीस ग्रॅम चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. आठच रुग्ण आणि एकेका मात्रेचीच तुलना, हे विसरू नका. म्हणजे सर्पगंधेने काढून घेतलं आणि खाजकुइलीने दिलं, दोन्ही आपल्याच मातीतल्या.

पण ताई, याचा अर्थ असाही की चूर्ण हे 'नुसतं चूर्ण' नाही. ते औषधच आहे, आणि प्रत्येक बीमध्ये डोपा सारखा नसतो. आधीपासून लेव्होडोपाची गोळी चालू असेल आणि वरून चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते, मग मळमळ, अंगाचे नको ते आळोखेपिळोखे, भास. तेव्हा घ्यायचं असेल तर वैद्यांना गोळी सांगा आणि डॉक्टरांना चूर्ण सांगा. दोघांनाही सांगा, दादांनी पित्ताची गोळी कुणालाच सांगितली नव्हती.